डब्यातला गंधार

"हा तंबोरा? हा तर डब्यात कोंडलेला भुंगा!" बायको म्हणाली.

मी चिडलो. संधिवाताने बोटं आखडल्यापासून तिला तंबोऱ्याच्या खुंट्या पिळवत नव्हत्या, आणि तंबोऱ्यावाचून ती गायला तयार नव्हती. म्हणून निवृत्तीनंतर मी अर्डुइनो नावाच्या छोट्या चिपचं प्रोग्रॅमिंग शिकलो, आणि माझ्या ऑफिसच्या जुन्या स्टीलच्या डब्यात हे तंबोऱ्यासारखं वाजणारं यंत्र बसवलं. त्यात फक्त षड्ज आणि पंचम घातले.

"बरं, बंद करतो."

"थांबा." तिने डब्याला कान लावला. "यात गंधार कशाला घातलात?"

"नाही घातला." मीही कान दिला. खरंच, मागे तिसराच सूर तरंगत होता. "प्रोग्रॅममध्ये चूक झालीय. काढून टाकतो." मी लॅपटॉप ओढला.

तिने माझं मनगट धरलं. "अहो, हा कुणी घालत नसतो. तंबोरा चोख जुळला की आपोआप उमटतो. स्वयंभू गंधार."

मी लॅपटॉप मिटला. एवढ्याशा चिपला हे कुणी शिकवलं?

विचारायला वळलो, तर तिने डोळे मिटले होते. आखडलेली बोटं डब्यावर ठेवून ती त्या गंधारात आपला सूर मिळवत होती.