राजगिऱ्याचा केक

संकष्टीचा उपास होता आणि चंद्र निघायला अजून बराच अवकाश होता. विमलताई राळेगावच्या बहिणीकडे जायला निघाल्या, तशी त्यांच्या सुनेने, अर्पिताने, वाटीत लोणी, साखर, मैदा कालवला, वरून चॉकलेट कुस्करलं आणि वाटी मायक्रोवेव्हमध्ये ठेवली. एका माणसापुरता कुकी केक, मिनिटभराचं काम.

टिंग वाजलं आणि सासूबाई दारात. एसटी चुकली होती.

"कायचा वास येऊन राह्यला व?"

"केक आहे, आई." अर्पिताच्या तोंडून निघून गेलं, "उपासाचा. राजगिऱ्याच्या पिठाचा."

"आपल्या घरात चतुर्थीले चंद्र पाह्यल्याबिगर कोणी अन्नाचा कण तोंडात घेत नाही. राजगिराच हाय न?"

"हो, आई."

"मंग आण इकडं."

विमलताई चमचा घेऊन बसल्या. खरं सांगावं तर आपला बेत उघडा पडणार, न सांगावं तर सासूबाईंचा उपास मोडणार. अर्पिता याचा विचार करत उभी राहिली, तोवर वाटीचा तळ दिसायला लागला.

विमलताईंनी पदराने तोंड पुसलं आणि देवघराकडे पाहून हात जोडले.

"पुढच्या चतुर्थीले दोन वाट्या करजो," त्या म्हणाल्या. "अन् तुह्या राजगिऱ्यात मैदा जरा कमी टाकजो. दाताले चिकटते."