शेजारी गेलेलं पाणी

अंगणातला पोहण्याचा तलाव पुन्हा चार बोटं उतरला होता. मालिनीताईंनी पायरीवर मुद्दाम भरून ठेवलेल्या बादलीत डोकावून पाहिलं. तिच्यातलं पाणी होतं तेवढंच होतं. म्हणजे ते हवेत उडत नव्हतं, कुठेतरी जात होतं. पण पंपाखाली ओल नव्हती, पाइपही बाहेरून कोरडे होते. शेवटी त्यांनी दिवे-पंप स्वतःच सांभाळणाऱ्या, बोलणाऱ्या घरालाच विचारलं. इतकी वर्षं त्यांच्याकडे बघून शिकलेलं ते घर जरा घुटमळलं.

"शेजारच्या बेहेरेकाकूंच्या तलावाला तडा गेलाय. गुडघ्यांसाठी त्यांना रोज पाण्यात चालावं लागतं. दुरुस्ती होईपर्यंत आपल्यातलं थोडं पाठवलं."

"मला विचारायचं तरी."

"खिरीची वाटी पाठवताना तुम्ही कुणाला विचारता?"

ताई तलावालगतच्या छोट्या टबात पाय सोडून बसल्या आणि दचकल्या. टबाचा हीटर बिघडलेला असूनही पाणी छान ऊन होतं.

"हे कुणी तापवलं?"

"काकूंच्या घरानं, तिकडच्या हीटरवर तापवून पाठवलं. रिकामी वाटी परत पाठवायची नसते ना."

"त्याला कुणी शिकवलं हे?"

"मी," घर म्हणालं. त्या एका अक्षरातली ऐट ताईंनी लगेच ओळखली. ती त्यांचीच होती.