दोन वेण्या

अनीसा मॅडमनी दीपमालाची वही उचलली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी मोठ्यानं वाचायला घेतली.

बाकीच्या वह्यांनी त्या वैतागल्या होत्या. अकरावीला त्यांनी नुकतीच पुस्तकातली एक जुनी भयकथा शिकवली होती. ओसाड गढी, बंद खोली, आतून येणारा आवाज. लेखक भीती उभी कशी करतो ते मुलांना कळावं, म्हणून तासाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं होतं, "तुम्हाला भीती वाटली असा एक खरा प्रसंग लिहा. दहा ओळी." पण पोरांनी चिंचेवरच्या हडळी लिहिल्या होत्या. एकाच्या वहीत तर धारणीच्या एसटीत मुंडकं नसलेला कंडक्टर तिकिटं फाडत होता.

दीपमाला शेवटच्या बाकावरची, कधी न बोलणारी. तिनं लिहिलं होतं:

"आज आईनं माझ्या डोक्याला तेल लावलं आणि दोन वेण्या घातल्या. मी म्हटलं, मी आता लहान आहे का? ती म्हणाली, आज राहू दे. मग तिनं रेशनकार्ड कुठं आहे ते दाखवलं. डाळ कोणत्या डब्यात, गहू कोणत्या, तेही सांगितलं. सुभद्राकाकूची एक वाटी आमच्याकडं बरेच दिवस होती, ती साखर भरून परत दिली. धाकट्या शेखरला कालच मामाच्या गावी पाठवलं. मी निघाले तेव्हा आई फाटकापर्यंत आली. म्हणाली, आज घरी यायची घाई करू नको, मैत्रिणीकडं जाऊन ये. आणि हसली. संत्र्याची वाळलेली झाडं तोडली तेव्हापासून ती हसली नव्हती."

 पुढच्या बाकावरचा दानिश म्हणाला, "मॅडम, याच्यात भूत कुठं हाय?"

पोरं हसली. मॅडम मात्र खुलल्या. बारा वर्षं शिकवत होत्या, पण असं काही हाताला लागलं नव्हतं.

"भूत नाही, म्हणूनच तर!" त्या म्हणाल्या. "बघा, काय आहे यात? एक आई आहे. मुलीची वेणी घालते, शेजारणीची वाटी परत करते, हसते. एकही गोष्ट वावगी नाही. तरी माझ्या अंगावर काटा आला. काहून? ही बाई आवराआवर करून राहिली. धाकट्याला आधीच दूर पाठवलं. मोठीला सांगते, उशिरा ये. सांगणाऱ्या मुलीला काहीच कळत नाही, आणि वाचणाऱ्याला सगळं कळतं. याला म्हणतात भय उभं करणं." त्या कौतुकानं शेवटच्या बाकाकडं वळल्या. "दीपमाला, कसं सुचलं तुला हे?"

दीपमाला उभी राहिली.  बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी धरली होती.

"सुचलं नाही, मॅडम. तुमी म्हटलं, खरं लिहा. मले सकाळपासून भेव वाटून राहिलं होतं, पण कायचं, तेच समजत नव्हतं." तिनं वहीकडं बोट केलं. "हे आज सकाळचंच हाय."

मॅडम वही टाकून तिला घेऊन बाहेर धावल्या.

शेंदूरजनाघाटच्या शाळेपासून दीपमालाचं गाव सात किलोमीटर. मॅडमनी स्कूटी काढली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मागं बसलेली पोर एकच विचारत होती, "मॅडम, आता चार तास झाले ना? मी घरून निघाल्याला चार तास झाले ना?" मॅडमनी स्कूटी आणखी पळवली. अर्ध्या वाटेत बैलगाडी आडवी आली. गाडीवान सावकाश बैल वळवत होता. मॅडम ओरडल्या. आपण काय ओरडलो ते त्यांना नंतर कधीच आठवलं नाही.

घरापुढं तोडलेल्या झाडांचे खुंट होते. अंगण ताजं सारवलेलं. दार आतून बंद.

"माय! माय व!" दीपमाला दारावर मुठी आपटू लागली. आतून आवाज नाही. शेजारून सुभद्राकाकू भिजल्या हातांनीच धावत आली. तिघींनी मिळून खांदे लावले. पहिल्या धक्क्याला दार हललं नाही. तिसऱ्याला कडी उखडली.

दीपमालाची आई पार्बताबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं. पुढ्यात फवारणीच्या औषधाची बाटली. तिचं झाकण अजून उघडलेलं नव्हतं.

सुभद्राकाकूनं बाटली उचलली आणि बाहेर नेली. दीपमालानं आईला मिठी मारली. मॅडम मात्र उंबऱ्यातच खाली बसल्या. 

 पार्बताबाईनं मान वर केली. पोरीकडं पाहिलं, उंबऱ्यातल्या अनोळखी बाईकडं पाहिलं.

"तुमाले कोनं सांगतलं?" तिनं विचारलं. "मी त एका शब्दानं कोनाजवळ बोलली नाही."

"तूच सांगतलं, माय," दीपमाला म्हणाली. "सकाळपासून तू मले तेच सांगून राहिली होती."