नव्या जिल्ह्याचा विक्रम

श्रीमंत मास्तरांनी स्टॉपवॉच पंचशीलापुढं धरलं. काटा तेरा सेकंदांच्या पुढं, एका दशांशावर थांबला होता.

"तुझी पोरगी पहिली आली," ते म्हणाले. "पण तेरा एक."

पंचशीलानं नुसती मान हलवली. नांदेडच्या शिबिरात तेराच्या आतल्याच मुली घेणार होते. तिथं तीन महिने पोटभर जेवण होतं, बूट होते, सपाट मैदान होतं. इकडं पंचशीला शिकवायची त्या जळकोटच्या शाळेतली तिची विद्यार्थिनी गौरम्मा सकाळी दीड कोसावरून पाणी आणून मग अनवाणी पळायची.

लातूर जिल्हा होऊन पाच महिने झाले होते. त्याची ही पहिलीच क्रीडास्पर्धा. यंदा पाऊस झालाच नव्हता. मैदानावर मारायला पाणी कुठून आणणार? लाऊडस्पीकरवरून कुणीतरी पुन्हा पुन्हा सांगत होतं, की जुने विक्रम जुन्या उस्मानाबाद जिल्ह्याच्या वहीत राहिले, आज जी वेळ लागेल तोच नव्या जिल्ह्याचा विक्रम.

उस्मानाबादच्या त्या वहीत मुलींच्या शंभर मीटरपुढं तिचं नाव होतं. पंचशीला सोनकांबळे, बारा आठ. बहात्तरच्या दुष्काळातला आकडा. सकाळी रस्त्याच्या कामावर खडी फोडायची आणि संध्याकाळी पळायची, तेव्हाचा. त्याच आकड्यावर ती नांदेडला गेली, त्याच आकड्यावर पुढं क्रीडाशिक्षिकेची नोकरी लागली. फक्त तो आकडा तिला पुन्हा कधी पळता आला नाही. नांदेडच्या शिबिरातल्या शर्यतीत ती सहावी आली. मग सहा वर्षं पहाटे उठून पळाली, मांडीचा स्नायू फाटेपर्यंत पळाली. तेराच्या आत एकदाही आली नाही. "येईल, बारा आठ परत येईल," तिचे ग्यानोबा गुरुजी मरेपर्यंत म्हणत होते.

मास्तरांनी शिबिराचा फॉर्म मांडीवर घेतला, पेनाचं टोपण काढलं. "बारा नऊ लिहितो."

"मास्तर!"

"दोन दशांशाचा तर प्रश्न हाय. माझंच घड्याळ धरतेत इथं. पोरीचं भलं होईल."

"तिथं गेल्यावर कळतंय की."

"तुझं कुठं कळलं?"

पंचशीला त्यांच्याकडं बघत राहिली. आपण काय बोलून गेलो ते मास्तरांना उशिरा कळलं. त्यांनी चष्मा काढला आणि सदऱ्याला पुसत बसले.

"बहात्तरला बी घड्याळ माझ्याच हातात होतं," ते हळू आवाजात म्हणाले. "तेरा तीन लागलं होतं तुला. गुरुजी माझ्याकडं आले. म्हणाले, 'पोरगी खडी फोडून पळून राहिली, श्रीमंत. एकदा नांदेड बघू दे तिला.' मला न्हाई म्हणवेना."

पंचशीला चुन्याच्या पोत्यावर बसली. राग यायला हवा होता. आला नाही. एवढंच वाटलं, की हे कुणी आधी सांगितलं असतं तर त्या सहा वर्षांत ती थोडी झोपली असती.

"मग काय लिहू?" मास्तरांनी विचारलं.

"तेरा एक."

"पोरीचं नांदेड जातंय, पंचशीला."

"हाव."

"तुला नोकरी लागली ना त्याच्यावरच?"

"लागली," ती म्हणाली. "आणा इकडं."

तिनं फॉर्म ओढून घेतला, आकडा स्वतःच्या हातानं लिहिला आणि खाली सही केली. मास्तर उठले आणि कागद घेऊन मांडवाकडं गेले.

तेवढ्यात गौरम्मा पळत आली. गुडघ्यापर्यंत माती, ओठ कोरडे. "बाई, झालं का नांदेडचं?"

"न्हाई. तेरा एक लागलं. तेराच्या आत पाहिजे होतं."

पोरीचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "शाळेत फळ्यावर तुमचं बारा आठ लिवलंय. मी लईच मागं हाय, बाई."

पंचशीलानं मांडवाकडं बघितलं. शाळेतला तो फळा तिनं स्वतःच रंगवून घेतला होता. त्याच्याकडं बोट दाखवून सात वर्षं ती पोरींना पळवत आली होती.

"फळ्यावर चुकीचं हाय," ती म्हणाली. "मला तेरा तीन लागलं होतं."

"चुकीचं?"

"चुकीचं. उद्या शाळेत गेल्यावर हेडमास्तरांना सांगते मी. खोडून टाकू."

गौरम्मानं मनातल्या मनात हिशेब केला. तिचे डोळे मोठे झाले. "मग मी तुमच्या बी पुढं हाय?"

"हाव. तू पुढं हाईस."

पोरगी हसली, अगदी तोंडभर. पण बाई हसत नाहीत हे बघून तिनं ओठ मिटून घेतले, आणि जवळ येऊन वाकून विचारलं,

"बाई, तुमी दमलाव का?"

"लई," पंचशीला म्हणाली, आणि चपला काढून तिनं पाय लांब सोडले.