गांडुळांचा डबा

भर जुलैत बास मासा तळाशी जाऊन सुस्त पडला, की तो गळाला लावलेल्या फक्त माझ्या जांभळ्या प्लास्टिकच्या गांडुळांना तोंड लावतो. प्लास्टिक वितळवून ती साच्यात ओतायचे मी आणि अलाबामाभर मासेमारीचे करंडक उचलायचा माझा नवरा डेल्मर. यंदा स्पर्धेच्या आठवडाभर आधी तो त्याच्या नव्या मैत्रिणीला, शेल्बीला घेऊन दारात आला. बोट तर त्यानं घर सोडतानाच नेली होती, आता गांडुळांचा डबाही हवा होता.

"तुला काय करायचाय तो? गळ तरी टाकता येतो का तुला?" तो मला म्हणाला.

शेल्बीनं त्याच्यासाठी दुकानातून नव्या धर्तीची, रबरासारखी ताणली जाणारी गांडुळं आणली होती. "ताई, ही कशात ठेवू?" तिनं लाजत विचारलं.

"अगं, सुटी कशाला नेतेस? ठेव की माझ्यांच्याच शेजारी," म्हणत मी झाकण उघडून धरलं.

स्पर्धेच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. मी गोड गार चहा घेऊन तळ्याच्या काठावर बसले होते. बोट धक्क्यापासून जरा आत गेल्यावर डेल्मरनं डबा उघडला आणि शेल्बीवर असा खेकसला, की सगळ्या काठाला ऐकू गेलं, "हे काय करून ठेवलंस? सगळ्याचा चिकट लगदा झालाय!"



ती दोन प्लास्टिकं एका डब्यात नांदत नाहीत, एकमेकांना विरघळवतात, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार? त्याचा डबा कायम मीच तर लावून द्यायचे.