सत्ताविसाव्याचा लिफाफा

“उघडायचे का लिफाफे?” मॅडमनी विचारलं आणि ताईनं वही पुढ्यात ओढली.

प्रयोगशाळेतल्या टेबलावर चाळीस लिफाफे होते. एकेका उंदराचा एकेक. आत एकच शब्द: दारू, नाहीतर साखर. निम्म्या पिल्लांच्या आया गाभण असताना रोज दारू पाजलेल्या. उरलेल्यांच्या आयांना तेवढीच ताकद देणारं साखरपाणी. कोण कुणाचं, हे पिल्लांची परीक्षा घेणाऱ्याला कळू द्यायचं नाही, असा नियम. कळलं की माणसाची नजर बिघडते, मग ज्याला ढ मानलं तो ढच दिसतो. परीक्षा घ्यायची ताई. सात आठवडे तिनं एकेकाला आठ बोळांच्या लाकडी चक्रव्यूहात सोडलं होतं आणि कोण किती वेळा चुकलं ते वहीत लिहिलं होतं.

सगळ्यात जास्त चुकायचा सत्तावीस नंबर. प्रत्येक बोळाच्या टोकाला एक गोड दाणा. तो खायचा आणि दुसऱ्या बोळात जायचं, इतकं सोपं काम. पण हा पठ्ठ्या खाऊन झालेल्याच बोळात परत परत जायचा आणि रिकामी भिंत हुंगत बसायचा. उंदरांना नावं द्यायची नाहीत, हाही नियमच. तरी ताई मनातल्या मनात त्याला ‘ध्यान’ म्हणायची.

घरी तिचं स्वतःचं एक ध्यान होतं. नानू. वय वर्षं एकोणीस, मिसरूड फुटलेलं, पण घड्याळ अजून चाचपडत वाचायचा. दोन कामं सांगितली की पहिलं विसरायचा. पण प्रयोगशाळेतल्या ध्यानाच्या आणि त्याच्या बंद लिफाफ्याच्या गोष्टी आईकडून रोज ऐकायचा.

तो पोटात आहे हे कळायच्या आधी ताई तीन महिने प्यायली होती. थोडीथोडकी नाही. नवऱ्याशी पटत नव्हतं, दिवस वाईट होते, वगैरे वगैरे. कारणं काय, शोधली की सापडतात. कळलं त्या दिवशी तिनं बाटली मोरीत ओतली आणि पुन्हा हात लावला नाही. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं की नव्हतं, हे तिला कुणी ठामपणे सांगू शकलं नाही. “असू शकेल,” डॉक्टर म्हणाले होते. त्या ‘असू शकेल’वर ती इतकी वर्षं जळत होती. नानू बारा वर्षांचा झाला तेव्हा तिनं त्याला सगळं खरं सांगून टाकलं. आणि तेव्हापासून हा बाबा भेटेल त्याला सांगायचा, “मी पोटात असताना आई दारू प्यायची ना, म्हणून.” रक्तगट सांगावा तसा. शेजारणीला, शिक्षिकेला, न्हाव्याला. दर वेळी ताईला वाटायचं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

म्हणून तिला एक शब्द हवा होता. साखर. ध्यान साखरेचा निघावा. न पिणाऱ्या आईच्या पोटीही असं लेकरू येतं, कुणी काही न करता येतं, एवढं तिला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एका उंदरावरून काही ठरत नसतं, हे तिलाही मॅडमइतकंच ठाऊक होतं. पण आईच्या जिवाला आकडेमोड कोण शिकवणार?

मॅडम एकेक फोडत गेल्या. दारू. साखर. साखर. दारू. ताई वहीत नंबरापुढे एकेक शब्द लिहीत होती.

“सत्तावीस... साखर! अगंबाई, हा तर मला शंभर टक्के दारूचा वाटला होता.”

“मलाही,” ताई म्हणाली. आणि पाणी पिऊन येते असं सांगून भुशाच्या पोत्यांच्या खोलीत गेली, ॲप्रनमध्ये तोंड खुपसून पोटभर रडली.

संध्याकाळी बसचीही वाट न बघता ती चालतच सुटली. काय सांगायचं ते वाटेत दहादा घोकलं. नानू, माझ्यामुळे नसेलही रे. नसेलही, बस्स एवढंच.

नानू पायरीवरच बसला होता. बेकरीतला त्याचा पहिला दिवस होता. पाकिटात सहा-सहा बिस्किटं भरायची.

“आई, मी कधी पाच भरली, कधी सात. मालक सगळ्यांसमोर ओरडले, डोकं आहे का खोकं म्हणून!”

“मग रे?”

“मग काय! सांगितलं, काका, मी ढ नाहीये. माझं डोकं मुळात चांगलंच होतं, आई प्यायली म्हणून असं झालं.” तो खुशीत हसला. “मालक नरमलेच. म्हणाले, उद्या ये, हळूहळू भर.”

ताई त्याच्या शेजारी टेकली. “आणि समज, नानू, दारूमुळे झालंच नसेल तर?”

नानूचं हसू मावळलं.

“मग मी नुसताच ढ, ना?” तो म्हणाला. मग एकदम तिच्याकडे वळला. “का गं? ध्यानाचा लिफाफा उघडला? काय निघालं?”

शब्द तिच्या ओठांवर होता. एकोणीस वर्षं वाट बघितलेला. नानू तिच्या तोंडाकडे बघत होता.

“दारू,” ताई म्हणाली. “दारूच निघाली रे. त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.”