पलीकडचं मेन

टेस्टर पेटलाच कसा?

धाकट्या जावेने मघाशीच मेनची कळ खाली पाडली होती. घरात अंधार, फ्रिजची घरघरसुद्धा थांबलेली, पायात रबरी चपला, मोबाइलची बॅटरी लावून तो स्टुलावर उभा केलेला. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं तस्सं सगळं. न्हाणीघराच्या दिव्याचं बटण तिने भिंतीतून उघडं केलं आणि आपली एक खात्री म्हणून आतल्या स्क्रूला टेस्टर टेकवला, तर आतला लाल दिवा लख्ख! हात असा झटक्यात मागे आला की टेस्टर फरशीवर खणखणला. ती खात्री करायचा कंटाळा केला असता तर?

भिंतीकडे बघता बघता तिला उलगडा झाला. घर वाटून घेताना भावाभावांनी मधलं दार विटांनी बुजवलं, दोन मीटर घेतले, पातेल्यांची झाकणंसुद्धा वाटून घेतली. ही एवढी एक तार तेवढी वाटायची राहिली. दिवा इकडे पेटत होता आणि वीज येत होती थोरल्यांच्या मीटरवरून! शहाणेच म्हणायचे दोघं. आणि दोन्ही घरांतलं बोलणं तर त्या दाराचा गिलावा ओला असतानाच बंद झालेलं.

एरवी तिने बटण तसंच सोडून दिलं असतं. नवरा कामासाठी परगावी होता आणि वायरमन रोज फोनवर "आलोच" म्हणत होता. पण सकाळी लेकीने ओल्या हाताने ते बटण दाबलं आणि पोर भिंतीपासून मागे फेकली गेली. तिचं ते पांढरंफटक तोंड आठवलं आणि धाकटीने बुजवलेल्या दारावर थाप मारली.

"वहिनी!"

पलीकडे भांडी वाजत होती, ती थांबली.

"वहिनी, इकडच्या बटणात तुमच्याकडून वीज येतेय. मी ते बदलतेय. जरा मेन बंद करता का?"

"तू बदलतेस?" थोरलीचा आवाज आला. "वायरमन मेले काय सगळे?"

"मेले नाहीत हो, येत नाहीत."

पलीकडे पावलं वाजली, आणि खट्ट.

"केलं बंद. मर आता."

धाकटीने टेस्टर टेकवला. अंधार. परत टेकवला, दोन्ही स्क्रूंना. अंधार. तरी हात पुढे होईना. जी बाई रस्त्यात दिसली की मान फिरवते, तिच्या हाती आपला जीव देऊन धाकटी तारा सोडवायला बसली होती! करणार काय? तिने ओठ आवळले आणि स्क्रू सैल केला.

पहिली तार सुटली. टोक पार काळवंडलेलं होतं. तेवढं कापून तिने पुढचं तांबं सोललं. दुसरी मात्र हटून बसली. ती चिमटीत धरून धाकटी ओढत होती, तेवढ्यात पलीकडचं दार वाजलं. थोरले दीर कामावरून आले.

"हे काय, अंधार? गल्लीत तर सगळ्यांकडे दिवे आहेत. मेन पडलेलं दिसतंय."

त्यांचा मीटर आणि मेन दाराला लागूनच. दीर तिकडे वळले, हे तिला पावलांवरून कळलं. तार सोडायची, बस, एवढंच करायचं होतं. पण बोटं ऐकतील तर शपथ!

"हात लावू नका!"

थोरली अशी किंचाळली की इकडे धाकटीचीच बोटं सुटली. पलीकडे काहीतरी धाडकन पडलं, कुणीतरी धावलं.

"तिचा हात तारेवर आहे, अहो!"

"कुणाचा?"

"तिचा. पलीकडे."

धाकटी भिंतीला पाठ टेकून घाम पुसत राहिली. आता दीर म्हणाले, माझं मेन, माझी वीज, मी वाटेल तेव्हा लावीन, तर? थांबून चालणार नव्हतं. टेस्टर पुन्हा टेकवला. अंधार. तिने दुसरी तार सोडवली, दोन्ही तारा नव्या बटणात बसवल्या, स्क्रू पिळले, एकेक तार ओढून पाहिली, बटण भिंतीत पक्कं केलं.

"झालं, वहिनी! लावा आता."

वीज आली नाही.

"वहिनी, झालं म्हटलं!"

"नाही लावणार," दिरांचा आवाज आला. "आधी इकडे ये."

घ्या! हेच राहिलं होतं. काय काय ऐकून घ्यावं लागणार याची मनात जुळवाजुळव करत धाकटी बाहेरून वळसा घालून त्यांच्या दारात गेली. उंबऱ्याशी पाय अडले. आत थोरली दोन्ही हात पसरून मीटरला पाठ लावून उभी होती, आणि तिच्यासमोर बॅटरी धरून दीर.

"हात दाखव," दीर म्हणाले.

"काय?"

"दोन्ही हात दाखव. भिंतीआडून काय, माणूस घाईघाईत झालं म्हणतं."

तिने हात पुढे केले. दिरांनी त्यांवर उजेड धरला. तेव्हा कुठे थोरली मीटरपासून हलली. तिने ते हात उलटेपालटे करून पाहिले, एकेक बोट चाचपलं.

"लावा आता," ती नवऱ्याला म्हणाली.

घरातले दिवे आले, पलीकडच्या न्हाणीघरातलाही आला, तरी तिने धाकटीचे हात सोडले नव्हते.